ऑफिस टाईमची रोपे : उन्हाच्या जागेतला जोडधंदा

धंदा म्हटला की आपल्याकडे आधी दुकानाची जागा, मग पागडी, मग माल आणि शेवटी उधारी अशा क्रमाने विचार होतो. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, तो गप्प बसतो. यंत्रमाग, शिलाई, वेल्डिंग, सुतारकाम यांपैकी कोणतेही काम बारा महिने सारखे चालत नाही. मंदीच्या महिन्यांत घरात चार हात रिकामे असतात आणि गच्चीवर, अंगणात, कारखान्याच्या मागच्या पट्ट्यात दिवसभर ऊन पडलेले असते. त्या उन्हाचा उपयोग करणाऱ्या एका लहान फुलझाडाची माहिती आम्ही येथे देत आहोत. हा धंदा करून कोणी मोठा शेठ होईल असे आम्ही म्हणणार नाही. पण नीट हिशेब ठेवला तर घरखर्चाला हातभार लागतो, आणि हिशेब चुकला तर मेहनत फुकट जाते. म्हणून लागवडीइतकीच जागा आम्ही हिशेबाला दिली आहे.

हे झाड कोणते?

आपल्याकडे याला ऑफिस टाईम म्हणतात. कोणी दहाचे फूल म्हणतो, कोणी चिनी गुलाब. शास्त्रीय नाव पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा. नावात चिनी असले तरी झाड चीनचे नाही. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, म्हणजे अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग येथे आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यांनी १८२९ साली त्याचे वर्णन करून हे नाव दिले. रानात भाजी म्हणून मिळणारी घोळ ही त्याचीच चुलत बहीण. मात्र घोळीचे पान चपटे असते आणि ऑफिस टाईमचे पान सुईसारखे गोल व गरदार. चपट्या पानांची, मोठ्या फुलांची एक जातही रोपवाटिकांत पोर्तुलाका या नावानेच विकली जाते. तिची लागवड जवळजवळ अशीच असते.

झाड जमिनीपासून वीतभरही वर जात नाही. फांद्या आडव्या पसरतात आणि चटई अंथरावी तशी जमीन झाकून टाकतात. थंड देशांत हिवाळ्याच्या हिमाने ते मरते, म्हणून तिकडे त्याला एका हंगामाचे झाड समजतात. आपल्याकडे हिम पडत नाही. त्यामुळे जुन्या झाडाच्या फांद्या तोडून पुन्हा लावत गेले, तर तेच झाड वर्षानुवर्षे टिकते. धंद्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. एकदा चांगल्या रंगांची मातृरोपे जमवली की पुढे रोप विकत घ्यावे लागत नाही.

ऊन चांगले वर आले की फूल उमलते आणि दुपार कलली की मिटू लागते. एक फूल एकच दिवसाचे, पण दुसऱ्या दिवशी नवी कळी तयार असते. आभाळ भरून आले तर फुले उमलतच नाहीत. मुलांना दाखवण्यासारखी एक गंमतही यात आहे. उमललेल्या फुलातल्या केसरांना काडीने हलकेच शिवले, तर ते शिवल्या बाजूला कलतात.

लागवड कशी करावी

जागा : रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. झाडाखाली, दोन इमारतींच्या बोळात किंवा उत्तरेच्या भिंतीलगत हे झाड नुसते लांब वाढते, फूल देत नाही.

माती : काळी, चिकट माती याचा शत्रू आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. दोन भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, असे मिश्रण पुरते. खत जास्त घातले तर पाने माजतात आणि फुले कमी होतात. पिशवीला किंवा कुंडीला खाली भोके असलीच पाहिजेत.

कलमे : निरोगी फांदीचा दोन ते तीन इंच लांबीचा शेंडा तोडावा. कळ्या असतील तर खुडाव्यात. खालची पाने काढून शेंडा तीन-चार तास सावलीत ठेवावा, म्हणजे तोडलेली जागा सुकते. नंतर मातीत इंचभर खोवावा. मुळे फुटायची पावडर लागत नाही. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. एका पिशवीत एकच शेंडा लावला तर ती भरायला वेळ लागतो. तीन-चार शेंडे लावले तर पिशवी लवकर भरते आणि डोळ्यांतही भरते.

बी : बी फार बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे बसतात. ते मातीत पुरू नये, कारण उगवणीला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर पसरावे, हलके दाबावे आणि पाणी वरून ओतण्याऐवजी फवारावे. सुमारे २५ ते २९ अंश तापमानात एक ते दोन आठवड्यांत उगवण होते. झाडावर बोंड पिकले की त्याचे झाकण डबीच्या झाकणासारखे आपोआप सुटते आणि बी सांडते. ते गोळा करायचे तर झाकण सुटण्याच्या बेताला बोंड खुडावे लागते. मात्र बियांपासून आलेल्या रोपांचे रंग सरमिसळ निघतात. दुहेरी पाकळ्यांच्या फुलांचे बी लावले तरी सगळी रोपे दुहेरी फुलांची निघत नाहीत. संकरित बियांच्या झाडांवरून धरलेल्या बियांचीही तीच गत. म्हणून रंगाची खात्री देऊन विकायचे असेल तर कलमाचाच माल विकावा.

पाणी : वरची माती बोटभर कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. हे झाड पानांत आणि देठांत पाणी साठवते आणि दुष्काळात आपला खर्च आवरते. पाणी कमी पडून मरणाऱ्या रोपांपेक्षा पाणी जास्त होऊन कुजणारी रोपे अधिक असतात. रोज सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन फिरणाऱ्या हौशी माणसाच्या हातून हे झाड हमखास जाते.

छाटणी : दोन-तीन महिन्यांनी मधल्या फांद्या लाकडासारख्या होतात, झाड मध्यभागी उघडे पडते आणि फुले टोकांनाच येतात. अशा वेळी अर्ध्यावर छाटावे. छाटलेले शेंडे फेकू नयेत. तोच आपला पुढचा माल आहे.

रोग व कीड : पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण देठांच्या बेचक्यांत बसतो. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. सुरुवातीलाच साबणाच्या पातळ पाण्याने धुवावे किंवा पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पानांवर पांढरे फोड दिसले तर तो तांबेऱ्यासारखा बुरशीजन्य रोग असतो. तशी रोपे वेगळी काढून नष्ट करावीत, त्यांची कलमे घेऊ नयेत. कोकणात पावसाळ्यात गोगलगायी रातोरात ट्रे साफ करतात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचणे हाच खात्रीचा उपाय.

बाजार सकाळचा

या धंद्याचे सगळ्यात मोठे मर्म फुलाच्या वेळेत आहे. गिऱ्हाईक झाड पाहून घेत नाही, फूल पाहून घेते. आपले बहुतेक आठवडी बाजार दुपारनंतर भरात येतात. त्या वेळी ऑफिस टाईमच्या पिशव्या मांडल्या, तर मिटलेली फुले पाहून गिऱ्हाईक म्हणते, ही तर सुकली. मग भाव पाडून द्यावा लागतो. तोच माल सकाळी नऊ ते बारा या वेळात उन्हात मांडला, तर मागायचा तो दाम मिळतो. सावलीच्या छपराखाली मांडला तर सकाळीही फुले नीट उमलत नाहीत. म्हणून जागा घेताना पूर्वेचे ऊन येते की नाही, हे भाड्याच्या आधी पाहावे.

फळे-भाजीपाल्याच्या व्यापारातल्या बागवान मंडळींना हे निराळे सांगायला नको. बागवान या शब्दाचा अर्थच बाग राखणारा. नाशवंत मालाला घड्याळ असते, ही समज त्यांच्याकडे पिढ्यांची आहे. मंडईत सकाळची पाटी लावणाऱ्याने बाजूला वीस पिशव्या ठेवल्या, तर वेगळे भाडे न भरता बाजार अजमावता येतो. ज्यांना संध्याकाळीच विकणे भाग आहे, त्यांनी सकाळी उमललेल्या फुलांचे फोटो काढून मोबाइलवर ठेवावेत आणि प्रत्येक पिशवीवर रंगाची चिठ्ठी लावावी.

हिशेबाची रीत

नवा माणूस येथेच फसतो. पिशवी, माती आणि खत यांची बेरीज करतो, त्यावर थोडे चढवतो आणि उरले ते सगळे नफा समजतो. मेहनत, मेलेली रोपे आणि नेआण यांचा खर्च त्याच्या वहीत कधी चढतच नाही.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे बाजारभाव नव्हेत. रीत दाखवण्यासाठी ते धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालावेत. समजा, १०० पिशव्या भरल्या. पिशवी, माती व खत मिळून प्रत्येकी ६ रुपये, म्हणजे ६०० रुपये. चाळीस दिवस रोज अर्धा तास काम, म्हणजे २० तास. तासाला ६० रुपये धरले तर १,२०० रुपये. नेआण २०० रुपये. एकूण २,००० रुपये. आता १०० पैकी १५ रोपे मेली आणि १० विकली गेली नाहीत. हातात राहिली ७५. म्हणजे एका विकलेल्या पिशवीचा खरा खर्च सुमारे २७ रुपये पडला.

ज्याने ६ रुपये खर्च धरून १५ रुपयांना विकले, त्याला वाटले पिशवीमागे ९ रुपये सुटले. प्रत्यक्षात त्याच्या हाती ७५ पिशव्यांचे १,१२५ रुपये आले. त्यातून सामान व नेआण यांचे ८०० गेले. उरले ३२५ रुपये, २० तासांच्या कामाचे. तासाला १६ रुपये! एवढ्या मजुरीवर तो दुसऱ्याकडे कधीच राबला नसता. घरच्या बायकामुलांची मेहनत फुकट धरल्यामुळे हे त्याला दिसत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, संख्या वाढवणे. ३०० पिशव्यांना तिप्पट वेळ लागत नाही. रोज एक तास धरला तर ४० तासांचे २,४०० रुपये, सामानाचे १,८०० आणि नेआणीचे ४००, मिळून ४,६०० रुपये. त्याच प्रमाणात २२५ पिशव्या विकल्या, तर खर्च पिशवीमागे सुमारे २० रुपयांवर येतो. दुसरा उपाय आमच्या कारागीर वाचकांसाठी अधिक चांगला आहे, तो पुढे देतो.

रोपाबरोबर हात विका

सुटी पिशवी कोणीही भरते, म्हणून तिचा भाव लवकर पडतो. कारागिराने रोपाबरोबर आपले कसब विकावे. या झाडाची मुळे उथळ असतात, चार-पाच इंच माती त्याला पुरते. म्हणून कुंभाराकडची पसरट परळ, सुताराकडच्या उरलेल्या फळ्यांची खोकी, पत्र्याचे जुने डबे, वेल्डिंगच्या दुकानातल्या तुकडा सळयांची तीन मजली घडवंची, अशा कशातही ते शोभते. टांगत्या टोपलीतून त्याच्या फांद्या खाली लोंबतात. तीन रंगांची भरलेली परळ किंवा खिडकीच्या गजाला अडकवायचा लोखंडी कठडा रोपांसह दिला, तर गिऱ्हाईक वस्तू म्हणून दाम देते. त्याच कठड्यासाठी रोपे पुन्हा लागतात, तेव्हा ते आपल्याकडेच परत येते.

शाळा, दवाखाने, मशिदींची व संस्थांची आवारे, पेट्रोल पंप आणि सोसायट्यांच्या दारातले वाफे येथे घाऊक माल जातो. जमिनीत लावताना दोन रोपांत सहा ते आठ इंच अंतर ठेवले, तर उन्हाळ्यात दीड महिन्याच्या सुमारास चटई जुळते. अशा कामाचा दर ठरवताना रोपांचे, लावणीचे आणि महिनाभर मेलेली रोपे बदलून देण्याचे पैसे एकत्र धरावेत. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेली कधी द्यायची ते कागदावर लिहून घ्यावे. फुलांच्या धंद्यात उधारी कुजते, रोपांपेक्षाही लवकर.

वर्षाचे वेळापत्रक

जानेवारीअखेर मातृरोपांची छाटणी करून कलमे लावावीत. कलमे लागल्यापासून पाच-सहा आठवड्यांत पिशवी विक्रीला तयार होते, म्हणजे मार्च ते मे हा भर हंगाम हाती येतो. जूनमध्ये मातृरोपे पारदर्शक प्लॅस्टिकखाली घ्यावीत. ऊन लागावे, पण पावसाचा मारा लागू नये. सोलापूर, मालेगावसारख्या कमी पावसाच्या भागात उंच वाफ्यावरची रोपे पावसाळा काढू शकतात. कोकणात उघड्यावर ठेवली तर कुजलीच समजा. सप्टेंबरअखेर पुन्हा कलमे करून ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दुसरा हंगाम घेता येतो. थंडीत वाढ मंदावते. तेव्हा माल वाढवू नये, मातृरोपे राखावीत.

प्रत्येक रंगाची निदान पाच मातृरोपे दोन वेगळ्या जागी ठेवावीत. एका जागी पाणी तुंबले किंवा शेळी शिरली, तर दुसऱ्या जागेवरून धंदा पुन्हा उभा करता येतो.

गच्ची वापरणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा. ओल्या मातीची शंभर लहान पिशव्यांची रास दीडशे-दोनशे किलोंवर सहज जाते. पिशव्या मधोमध न मांडता भिंतींच्या कडेने मांडाव्यात, खाली विटा ठेवून पाण्याला वाट ठेवावी आणि भाड्याच्या घरात मालकाची परवानगी आधी घ्यावी. स्लॅबला गळती लागली तर वर्षाची कमाई दुरुस्तीत जाते. पत्र्याच्या छपरावर हा प्रयोग मुळीच करू नये.

कायद्याबद्दल थोडक्यात. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, मात्र प्लॅस्टिकच्या कुंड्यांवर आहे. फुलझाडांबरोबर आंबा, पेरू यांची कलमे विकायला ठेवायची असतील, तर फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा वेगळा कायदा असून परवाना लागतो. तालुका कृषी कार्यालयात विचारून मगच ते काम सुरू करावे.

गिऱ्हाईकाला खरे सांगा

या झाडाला पांढरा, पिवळा, केशरी, गुलाबी, राणी आणि लाल असे रंग आहेत. निळा नाही. बोगनवेल आणि बीट यांच्यात जी रंगद्रव्ये असतात, त्याच घराण्यातली रंगद्रव्ये याच्यात असतात, आणि त्यांतून खरा निळा रंग तयार होत नाही. तरीही निळ्या पोर्तुलाकाचे बी म्हणून रंगवलेल्या फोटोंसह पाकिटे विकली जातात. ती घेऊ नयेत आणि विकूही नयेत.

गिऱ्हाईकाची जागा सावलीची असेल, तर ऑफिस टाईम देऊ नये. महिन्याभरात ते झाड हिरमुसेल आणि दोष आपल्या नावावर येईल. अशा वेळी पुष्कळ रोपवाले पिवळ्या फुलांची वेडेलिया देतात. ती सावलीत, ओलीत जोमाने पसरते, फुकटात वाढते, म्हणून विकायला सोपी. पण तिची प्रत्येक गाठ जमिनीला टेकली की मूळ धरते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजातींच्या यादीत तिचे नाव आहे. ओढ्याकाठी किंवा शेताच्या बांधाला लागली तर काढता काढता नाकी नऊ येतात. द्यायचीच झाली तर कुंडीपुरती द्यावी आणि छाटलेले तुकडे बाहेर टाकू नका, असे बजावून सांगावे. ज्याला पाय पडणाऱ्या जागेसाठी काही हवे असेल, त्याला आपल्याच मातीतली जलपिप्पली सुचवावी. ती नदीकाठी, ओलसर जागी मिळते, बारीक फिकट फुले देते आणि थोडीफार तुडवण सोसते. ऑफिस टाईमचे गरदार देठ पायाखाली चिरडतात.

रोप देताना चार ओळींची चिठ्ठी द्यावी : ऊन सहा तास, माती सुकल्यावरच पाणी, फूल सकाळचे, दोन महिन्यांनी छाटणी. चिठ्ठीला खर्च पैशांत येतो. ज्याच्या घरचे झाड जगते, तो शेजाऱ्याला पत्ता सांगतो. ज्याचे मरते तो आपल्याकडे पुन्हा येत नाही, आणि का येत नाही तेही सांगत नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी आज भांडवल घालू नये. ओळखीच्या घरून चार रंगांचे शेंडे मागून आणावेत, वीस पिशव्या भराव्यात आणि वहीत तीन रकाने आखावेत : लावली किती, जगली किती, विकली किती. दोन महिन्यांनी त्या तीन आकड्यांकडे पाहून शंभर भरायच्या की नाही, हे ठरवावे.